बिबट्या बोनलेस मागत नाही

इंग्लंडच्या उत्तरेकडे फेरेट बाळगणाऱ्या जुन्या लोकांनी त्याला पिढ्यान्‌पिढ्या दुधात कुस्करलेला पाव घातला. आपण मांजराला दूध-पोळी घालतो. दोन्ही जनावरं जातीची मांसाहारी, आणि दोन्हीकडच्या माणसांनी त्यांच्यापुढे घरात जे स्वस्त, मऊ नि उरलेलं असेल ते ठेवलं. तरीही ती जनावरं जगली, शिकार करत राहिली, त्यांना पिल्लं होत राहिली. हे कसं, असा प्रश्न मला लीड्‌समध्ये भाचीच्या घरी पडला. उत्तर मात्र जुन्या नाशकातल्या आमच्या वाड्यात होतं.

भाचीकडे टिल्लू नावाचं फेरेट आहे. फेरेट म्हणजे हातभर लांबीचा, आखूड पायांचा, सळसळत चालणारा प्राणी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो मुंगूसच वाटतो, पण मुंगसाशी त्याची भावकी नाही. आपल्या नद्यांमधलं पाणमांजर, म्हणजे ऊद, हे त्याच्या कुळातलं. युरोपातल्या पोलकॅट नावाच्या रानटी प्राण्याला माणसाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी माणसाळवलं ते सशांच्या बिळात सोडण्यासाठी. फेरेट आत शिरलं की ससे घाबरून बाहेर येतात आणि बिळाच्या तोंडावर लावलेल्या जाळीत अडकतात. आता बहुतेक फेरेटं सोफ्याखाली मोजे पळवून नेण्यापलीकडे काही शिकार करत नाहीत. दिवसातला बराचसा वेळ झोपतात, जागी असली की घर डोक्यावर घेतात, आणि अंगाला एक उग्र वास असतो तो आंघोळीनेही जात नाही.

भाचीने फ्रीझर उघडून दाखवला. डब्यांवर चिठ्ठ्या लावलेल्या: हाडासकट सशाचा खिमा, टर्कीची हृदयं, कलेजी, आणि एका पिशवीत एक दिवसाची गोठवलेली कोंबडीची पिल्लं. (हॅचरीत नर पिल्लांना किंमत नसते, ती अशी विकली जातात. ती पिशवी बघून माझा चहा गार झाला, पण ते असो.) "मावशी, तू आयुष्यभर बायॉलॉजी शिकवलंस, सांग ना, हे बरोबर आहे का?" ती म्हणाली. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवायचे तेव्हा पचनसंस्थेचा धडा होता तो गायीचा आणि माणसाचा. फेरेटचा नव्हता. तरी धागा तोच.

फेरेटचं आतडं इतकं आखूड असतं की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. झाडपाला पचवण्यासाठी जंतू जिथे मुक्काम करतात ते अंधांत्र त्याला नाहीच. म्हणजे पाव, भात, फळं यांच्यातून काही काढून घ्यायला त्याच्याकडे ना जागा, ना वेळ. त्याला प्राणिज प्रथिनं हवीत, भरपूर चरबी हवी, आणि थोडं थोडं, दिवसातून अनेकदा हवं. अमेरिकेत पाळीव फेरेटांमध्ये स्वादुपिंडात इन्सुलिन वाढवणाऱ्या गाठी फार आढळतात. पिष्टमय खाद्याचा त्यात हात असावा असा बऱ्याच पशुवैद्यांचा संशय आहे. आणखी एक खोड: लहानपणी ज्या वासाचं खाल्लं तेच अन्न, असं फेरेट ठरवून टाकतं. पहिल्या सहा महिन्यांत कच्चं मांस चाखलं नसेल तर पुढे ते समोर ठेवलं तरी उपाशी बसतं. आणि चाखलेलं असेल तर उरलेला तुकडा उचलून कपाटामागे लपवून ठेवतं. टिल्लूचा खजिना भाची रोज टॉर्च घेऊन शोधते.

कच्च्या मांसावर फेरेट पाळणाऱ्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: शंभरात ऐंशी भाग मांस, दहा भाग हाड, पाच भाग कलेजी, पाच भाग इतर अवयव. हा हिशेब कुणी प्रयोगशाळेत मांडला नाही, तो अख्ख्या शिकारीच्या अंगातून काढलेला आहे. सगळी मेख त्यातच आहे. मांसाहारी प्राणी मांस खातो असं आपण म्हणतो, पण तो खातो शिकार. निफाडच्या उसातला बिबट्या बोनलेस मागत नाही. हाडातून कॅल्शियम, कलेजीतून अ जीवनसत्त्व, हृदयातून टॉरिन, रक्तातून मीठ नि लोह असा हा एकत्र कारभार असतो. त्यातलं नुसतं मांस उचललं तर कारभार कोसळतो.

मांजराच्या बाबतीत हे कसं उमगत गेलं ती कथा वाचण्यासारखी आहे. कॅलिफोर्नियात फ्रान्सिस पॉटेंजर नावाच्या डॉक्टरांनी १९३२ ते १९४२ अशी दहा वर्षं सुमारे नऊशे मांजरांवर प्रयोग केले. कच्च्या मांसावरची मांजरं धडधाकट राहिली, शिजवलेल्या मांसावरची पिढीगणिक खंगत गेली. कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते आजही या प्रयोगाची शपथ घेतात. पण तेव्हा टॉरिनची गरज कुणाला ठाऊक नव्हती. १९७५ मध्ये कळलं की टॉरिन नसेल तर मांजराचा डोळ्यातला पडदा झिजतो. १९८७ मध्ये पॉल पायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की हृदय फुगून, ढिलं पडून मरणारी मांजरं टॉरिन दिल्यावर सावरतात, आणि त्यातली बरीचशी चक्क कंपनीच्या तयार खाद्यावर वाढलेली होती. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यातलं टॉरिन वाढवलं. टॉरिन पाण्यात विरघळतं. मांस उकडून पाणी ओतून दिलं की त्याचा मोठा भाग मोरीत जातो. म्हणजे पॉटेंजर यांच्या मांजरांना विस्तवाने नव्हे, तर बहुधा या एका घटकाच्या तुटवड्याने मारलं. माझ्या मते कच्चं की शिजवलेलं या वादात हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो.

आता वाड्याकडे येते. भद्रकालीजवळ सासरचा वाडा होता. सासूबाई मांजरीला सकाळ-संध्याकाळ ताक-भाकरी नाहीतर दूध-पोळी घालत. घरात माळ, त्यामुळे अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत नाही. मांजरी मात्र टुकटुकीत, कारण धान्याची कोठारं, माळे, मागची गल्ली, सगळीकडे उंदीर. दूध-पोळी हे तिचं जेवण कधी नव्हतंच, ती सासूबाईंची माया होती. जेवण ती बाहेरून उरकून यायची, डोक्यापासून शेपटीपर्यंत, आतड्या-हाडांसकट. लीड्‌सकडच्या जुन्या फेरेटांचंही तेच. पाव-दूध घरचं, आणि शिकारीच्या दिवशी सशाची आतडी नि कलेजी मिळायची.

आज वाडा गेला. आम्ही गंगापूर रोडला चौथ्या मजल्यावर राहतो, बाल्कनीला जाळी आहे आणि मांजर दाराबाहेर पाऊल टाकत नाही. तिच्या वाटीत जे पडेल तेच तिचं सगळं अन्न. सोसायटीत तऱ्हेतऱ्हेच्या वाट्या दिसतात. कुणी रोज दूध-पोळी घालतं. मोठ्या मांजराला बहुधा दूध पचत नाही, आणि गोड चव तर त्याला कळतच नाही, जनुकातच बिघाड आहे. दुधात त्याला आवडते ती साय. कुणी हौसेने रोज महागाचं बोनलेस आणून देतं, तेही छातीचं, जिथे टॉरिन सर्वांत कमी. तंगडीच्या काळपट मांसात ते कितीतरी जास्त असतं, आणि हृदयातही. शिवाय नुसत्या मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट असतो. वाढत्या पिल्लाला हेच दिलं तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं आणि पिल्लू उडी मारताना पाय मोडून घेतं. कुणी कलेजी आवडते म्हणून रोज कलेजीच देतं. मग अ जीवनसत्त्व साठत जातं आणि मानेचे मणके एकमेकांना जखडतात. कालचं काळ्या मसाल्याचं मटण पाण्याखाली धुऊन देणारेही आहेत. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि तो अंश धुऊन जात नाही.

आमचे हे दर पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जातात. माळकरी घर, म्हणून मांजरीचा स्वयंपाक बाल्कनीत, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पातेल्यात. चिकनवाल्याला माझी यादी पाठ झाली आहे: तंगडीचं मांस, त्यात मूठभर हृदयं, थोडा पेटा, आणि किलोमागे कलेजीचे दोन-तीन तुकडे, पन्नास ग्रॅमच्या वर नाही. पहिल्यांदा तो म्हणाला, "बाई, हे तर आम्ही कुत्र्यांना टाकतो." अंड्याचं कवच उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पीठ करायचं. किलोभर बिनहाडाच्या मांसाला चहाचा एक चमचा. मांस थोड्या पाण्यात शिजवायचं आणि ते पाणी वाटीतच ओतायचं. चार किलोच्या मांजराला दिवसाला साधारण दीडशे ग्रॅम पुरतं. शिजवलेलं हाड कधीच द्यायचं नाही. त्याच्या काचेसारख्या चिरफळ्या होतात.

एवढं करूनही हा आहार पूर्ण होत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व यांची त्रुटी उरते. मांजराला आपल्यासारखं उन्हात बसून ड जीवनसत्त्व तयार करता येत नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजरांच्या शंभराहून जास्त घरगुती पाककृती तपासल्या, त्यातल्या बहुतेक सगळ्यांत काही ना काही कमी निघालं. पुष्कळ पाककृती पशुवैद्यांनी दिलेल्याही होत्या. म्हणून आमच्याकडे एक वेळ घरचं आणि एक वेळ 'संपूर्ण आहार' असं पाकिटावर लिहिलेलं खाद्य, आणि वरून डॉक्टरांनी लिहून दिलेली पूड. परदेशी पाककृती तर जशाच्या तशा इथे चालणारही नाहीत. त्यांत बैलाचं हृदय असतं, आणि आपल्या राज्यात २०१५ पासून गायीबरोबर बैलाच्या कत्तलीवरही बंदी आहे. बोकडाचं हृदय चालतं.

मग मी कच्चं का देत नाही? नाशकात कोंबडी डोळ्यांदेखत कापून मिळते, तिच्या ताजेपणाबद्दल तक्रार नाही. पण तोच ठोकळा, तोच सत्तूर, तेच बादलीतलं पाणी. साल्मोनेला फ्रीझरमध्ये मरत नाही, नुसता झोपतो. मांजर स्वतः एखादवेळी निभावून नेईल, पण तिची वाटी, तिची विष्ठा हाताळणारं माणूस आजारी पडेल. घरात तान्हं मूल, गरोदर बाई किंवा केमो घेणारं कुणी असेल तर कच्चं मांस आणूच नये.

आणि आता बर्ड फ्लू. भारतात कोंबड्यांमधला एच५एन१ पहिल्यांदा सापडला तो आपल्याच नाशिक विभागात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. तेव्हा आपल्याकडे तो कोंबड्यांचा रोग होता. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने मेले, आणि संशय आहारातल्या मांसावर गेला. पाठोपाठ छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये तो सापडला. अमेरिकेत ऑरेगन राज्यात तर गोठवलेलं कच्चं टर्कीचं खाद्य खाऊन घरातलं मांजर दगावलं. फेरेटवाल्यांनी याबाबत जास्तच जपावं, कारण फ्लूशी फेरेटचं जुनं नातं आहे. १९३३ साली लंडनच्या संशोधकांनी रुग्णाच्या घशातला द्रव फेरेटच्या नाकात सोडला आणि माणसाचा फ्लू विषाणूमुळे होतो हे सिद्ध केलं. पुढे एक आजारी फेरेट एका संशोधकाच्या तोंडावर शिंकलं आणि त्याला फ्लू झाला. फेरेटला माणसाचा फ्लू होतो, माणसाला फेरेटचा होतो. कोंबडी पूर्ण शिजली की बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही, आणि मला एवढं पुरेसं आहे.

माशांचंही एक सांगते. गंगापूर धरणाचे रोहू-कटला स्वस्तात मिळतात आणि मांजराला कच्चेच टाकले जातात. हे कार्प कुळातले मासे. या कुळातल्या अनेक कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नासवणारं द्रव्य असतं. १९३०च्या दशकात अमेरिकेत चेस्टेक नावाच्या माणसाच्या फार्मवरचे कोल्हे कच्चे कार्प खाऊन लुळे पडून मेले, तेव्हा हे उघडकीला आलं. शिजवलं की ते द्रव्य निकामी होतं.

व्हिडिओ बघून "आपणही फेरेट आणू" म्हणणारी मुलं मला भेटतात. आणू नये, असं माझं मत. तीस अंशांच्या पुढे फेरेटला उष्माघात होऊ लागतो आणि नाशिकचा एप्रिल चाळिशीला टेकतो. त्याला तपासणारा जाणकार पशुवैद्य मिळणंही कठीण. आणि फेरेट मिळत नाही म्हणून मुंगसाचं किंवा उदमांजराचं पिल्लू उचलून आणणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

मांजर मात्र हजारो घरांत आहे. तुमचं मांजर फ्लॅटबंद असेल तर त्याचं दूध-पोळीवर भागत नाही हे आजच मान्य करा. आहार बदलायचा तर आठ-दहा दिवस घेऊन, जुन्यात नवं मिसळत बदला. पण बदलण्याआधी एकदा पशुवैद्याकडून त्याचं वजन, डोळे आणि हृदय तपासून घ्या.