कुत्रा झाडाखाली, खार झाडावर

अमेरिकेत खारीच्या शिकारीसाठी ‘फाइस्ट’ आणि ‘कर’ जातींचे कुत्रे तयार करतात. वास, आवाज आणि हालचाल टिपून ते खारीला झाडावर चढवतात आणि शिकारी येईपर्यंत बुंध्याशी भुंकत राहतात. खोडाआड निश्चल राहण्याची खारीची युक्ती एकट्या शत्रूपुढे चालते. एका बाजूला कुत्रा आणि दुसऱ्या बाजूला माणूस उभा राहिला की ती फसते.

मग पालघर जिल्ह्यातल्या माकुणसार गावच्या वाड्यांत कोवळी फळे कुरतडणाऱ्या खारींवर कुत्रे का सोडू नयेत? नुकसान खरे आहे; पण बंदुकीविना कुत्रा खारीला फळांकडेच पिटाळतो. त्यापेक्षा सुट्या माडाला गुळगुळीत पत्रा गुंडाळावा, शेजारच्या फांद्या छाटाव्यात. वाट अडवली की फळ वाचते आणि खारही जगते. शिकारीचा मार्ग आपण निवडू नये. खारीचाच मोठा भाऊबंद शेकरू हा आपला राज्यप्राणी असून १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय दिले आहे.