एकदा ‘टोटल लॉस’ झालेली गाडी, आणि दुसऱ्यांदा क्लेम

हा आजच्या एपिसोडचा लिखित भाग. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, आणि सेकंडहँड गाडी बघत असाल तर सेव्ह करून ठेवा.

विषय माझ्या घरातूनच आलाय. मामा भिगवणला असतात, उजनीच्या मासळीच्या धंद्यात. जून 2021 मध्ये त्यांनी सेकंडहँड हॅचबॅक घेतली. 2018 चं मॉडेल, पाटी एमएच-09, म्हणजे कोल्हापूरची. बाजारात तशी गाडी चार लाखांच्या आसपास होती, यांना 3,40,000 ला मिळाली. अडीच लाखांचं कर्ज काढलं. सगळे खूश. स्वस्त का मिळाली, हे कुणी विचारलं नाही. मी सॉफ्टवेअरवाला, घरातला ‘शिकलेला’, मीसुद्धा नाही.

जानेवारी 2022. साखर कारखाने चालू. रात्री सोलापूर हायवेवर पुढे उसाची ट्रॉली, मागे रिफ्लेक्टर नाही. मामा वाचले, गाडी पार गेली.

आता हिशोब बघा. पॉलिसीवर आयडीव्ही असते, म्हणजे गाडीची विम्यातली किंमत. ती कशी ठरते? कंपनीची आजची लिस्ट प्राइस घ्यायची आणि वयाप्रमाणे घसारा वजा करायचा. सहा महिन्यांपर्यंत 5 टक्के, वर्षापर्यंत 15, दोन वर्षांपर्यंत 20, तीनपर्यंत 30, चारपर्यंत 40, पाचपर्यंत 50. त्यापुढे तुम्ही आणि कंपनी मिळून आकडा ठरवता. मामांच्या गाडीची लिस्ट प्राइस 6 लाख, पॉलिसी घेताना वय तीन वर्षांच्या वर, म्हणून आयडीव्ही 3,60,000.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांच्या वर गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरतात. इथे 75 टक्के म्हणजे 2,70,000 आणि गॅरेजचं एस्टिमेट 3 लाख. म्हणजे टोटल लॉस. मग कंपनीने 3,60,000 मधून हजार रुपये कंपल्सरी डिडक्टिबल कापून बाकीचे द्यायचे. बरोबर?

नाही. कंपनीचं पत्र आलं: क्लेम नाकारला. कारण, ही गाडी 2019 मध्ये दुसऱ्या एका कंपनीकडे आधीच टोटल लॉस झाली होती, आणि प्रपोजल फॉर्मवर ते सांगितलेलं नाही.

ऑगस्ट 2019. कोल्हापूर-सांगलीचा महापूर. आठवलं?

मग आधी टोटल लॉस झालेली गाडी परत रस्त्यावर येते कशी? ‘टोटल’ म्हणजे गाडी संपली असं नसतं, दुरुस्ती परवडत नाही एवढंच. मोडक्या गाडीला सॅल्व्हेज म्हणतात. एक तर कंपनी ती लिलावात विकते, नाहीतर मालक स्वतः ठेवतो आणि तिची किंमत वजा करून पैसे घेतो. दोन्ही वाटांनी गाडी कुणातरी गॅरेजवाल्याकडे पोचते, धुऊन-पुसून पुन्हा विकली जाते. गाडी कायमची निकामी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 प्रमाणे आरटीओला कळवून नोंदणी रद्द करावी लागते. पण दुरुस्त होण्यासारखी असेल तर आरसी तशीच राहते.

आणि आरसीवर ‘ही टोटल लॉस झाली होती’ असा शिक्का नसतो. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर 2017 पासून अशा गाड्यांना ए, बी, एस, एन अशा कॅटेगरी आहेत. तिथे भरपाई बाजारभावाने मिळते आणि डाग असलेल्या गाडीचा बाजारभावच कमी, म्हणून पैसेही कमी. पण निदान सगळं आधीपासून माहीत असतं.

आपल्याकडे उलटं. मी इंजिनियर म्हणून असं बघतो: आयडीव्हीच्या फंक्शनला दोनच इनपुट, मॉडेल आणि वय. गाडीचा इतिहास हा इनपुटच नाही. त्यामुळे प्रीमियम भरताना गाडी एकदम स्वच्छ धरली जाते आणि क्लेमच्या दिवशी इतिहास बाहेर येतो. विमा कंपन्यांच्या पॉलिसी आणि क्लेमची माहिती हैदराबादच्या इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे जमा होते. त्यामुळे चासी नंबरवरून जुना क्लेम सापडू शकतो. कंपनीला. तुम्हाला नाही.

मामांचा फॉर्म एजंटने मोबाईलवर भरला होता. ‘पूर्वी अपघात वगैरे?’ समोर ‘नाही’. मामा म्हणाले, “अरे, मला कुणी विचारलंच नाही.” खरंय. पण विम्यात महत्त्वाची गोष्ट लपली की कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

आम्ही कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी उत्तर दिलं. पॉलिसी देताना गाडीचे फोटो तुम्हीच काढले, चासी नंबर तुमच्याकडे होता, आयडीव्ही तुम्हीच ठरवली आणि पूर्ण प्रीमियम घेतला. मामांनी काही लपवलं नाही, त्यांना माहीतच नव्हतं. चार महिने मेल-मेल खेळलो. शेवटी कंपनी 2,40,000 वर आली. मामांना धंद्याला गाडी हवी होती, त्यांनी सही केली. त्यातले 2,10,000 कर्जात गेले. हातात 30,000.

लढायचं असतं तर पुढची पायरी होती विमा लोकपाल. पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकील लागत नाही. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत तिकडे जायचं. आयआरडीएआयचा हेल्पलाईन नंबर 155255.

आता गाडी घेण्याआधी काय करायचं, ते ऐका.

एक, चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा, जुन्या नोंदी विचारा. दोन, आधीच्या सगळ्या पॉलिसींच्या कॉपी मागा. मध्येच काही महिने विमा नसेल तर का, ते विचारा. तीन, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. चिखलाची रेघ तिथे राहते. सीटखालचे रूळ गंजलेत का बघा. चार, ‘गाडी कधीही टोटल लॉस झालेली नाही’ हे विकणाऱ्याकडून लिहून घ्या. पाच, प्रपोजल फॉर्म स्वतः भरा. इतिहास माहीत असेल तर सरळ सांगा आणि कंपनीचं उत्तर मेलवर घ्या. सहा, गाडीची मालकी बदलल्यापासून 14 दिवसांत विमा नावावर करायला अर्ज द्या.

आणि पुरातली गाडी जाणूनबुजून घेतलीच, तर एक लक्षात ठेवा: वायरिंग गंजून वर्षाने बंद पडलं तर तो अपघात नाही, बिघाड आहे. साध्या पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत.

मामांनी आता दुसरी गाडी घेतलीय, एमएच-42. घ्यायच्या आधी फोन केला. म्हणाले, “भाच्या, सीटबेल्ट ओढून बघितलाय. कोरडा आहे. तू ये आणि तो चासी नंबरचं बघ.”

मी रविवारी गेलो.