दोन मुदी भात

प्रशांत महासागरातील ओआहू बेटावर आम्ही नऊ दिवस राहून आलो, हे कळल्यावर ओळखीच्या मंडळींनी एकच प्रश्न विचारला : "तिथे खाल्लंत काय?" प्रश्न थट्टेचा असला तरी आम्हांला तो फार योग्य वाटतो. ह्या बेटावर जेवण नीट पाहिले म्हणजे इतिहास निराळा शोधावा लागत नाही. व्याख्यानात वेळेअभावी जे राहून गेले, तेही येथे घातले आहे.

ओआहू हे हवाई बेटांपैकी एक. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जागा, तिच्या सुमारे अडीचपट त्याचा विस्तार. वस्ती सुमारे दहा लाख. होनोलुलू हे राजधानीचे शहर ह्याच बेटावर आहे. पुतण्या अमेरिकेत नोकरीला असल्याने, त्याच्या आग्रहाखातर आणि खरे सांगायचे तर त्याच्याच खर्चाने, आमचे जाणे झाले.

पहिल्या दिवशी दुपारी रस्त्याकडेच्या खानावळीत पुतण्याने 'प्लेट लंच' मागवले. कागदी ताटात भाताच्या दोन गोल मुदी, शेजारी मॅकरोनीचे थंडगार कालवण आणि वर सोया सॉसमध्ये मुरवून भाजलेले मांस. भात जपानी पद्धतीचा, चिकट. शेजारच्या टेबलावर कोणी केळीच्या पानांत शिजवलेले डुक्कर खात होते, कोणी चिनी शेवयांसारखे सूपातले 'साइमिन'. शेवटी पोर्तुगीज पद्धतीचा तळलेला गोड 'मालासाडा'. आम्ही विचारले, ह्यांतले हवाईचे मूळचे काय? पुतण्या म्हणाला, "काका, हे सगळेच हवाईचे."

त्याचे म्हणणे खरे आहे. पण ते खरे कसे झाले, हे समजून घ्यायला हवे.

मूळच्या हवाई लोकांचे अन्न म्हणजे अळू. त्याचे कंद उकडून, पाणी घालून कुटून जांभळट लापशी करतात. तिला पोई म्हणतात. एकदोन दिवस ठेवली की ती आंबते आणि आंबलेलीच पुष्कळांना आवडते. अळूच्या पानांत मांस गुंडाळून वाफवतात, ते 'लाउलाउ'. अळुवडी खाणाऱ्या माणसाला हा प्रकार परका वाटत नाही. त्यांच्या कथेप्रमाणे देवाचे पहिले मूल मृत जन्मले, ते पुरले तेथे अळू उगवले. दुसरे मूल म्हणजे माणूस. म्हणजे अळू हा माणसाचा थोरला भाऊ.

१७७८ साली कॅप्टन कुकची जहाजे ह्या बेटांना लागली. मागोमाग आलेल्या रोगांनी मूळची माणसे फार मोठ्या संख्येने मेली. १८४८ मध्ये जमिनीची वाटणी झाली, १८५० पासून परदेशीयांना जमीन विकत घेता येऊ लागली. ऊस वाढला, तोडायला हात नव्हते. मग मळेवाल्यांनी १८५२ पासून चिनी मजूर आणले. पुढे पोर्तुगीज, १८८५ पासून मोठ्या प्रमाणावर जपानी, मग पोर्टो रिको, कोरिया आणि १९०६ पासून फिलिपिन्सचे. १८९३ साली राणी लिलिउओकलानीला गादीवरून दूर करण्यात आले. तिला ज्या खोलीत कैदेत ठेवले होते, ती ईओलानी राजवाड्यात आजही दाखवतात. १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतली. पर्ल हार्बरला सगळेच प्रवासी जातात, आम्हीही गेलो. १९४१ साली बुडालेल्या 'ॲरिझोना' युद्धनौकेतून अजून तेल पाझरते, पाण्यावर त्याची इंद्रधनुषी साय दिसते.

परंतु आमचे मन गुंतले ते ऊसमळ्यांत. एकाच देशाचे मजूर आणले तर ते एक होतील, म्हणून अनेक देशांचे आणायचे, राहायला निरनिराळ्या वसाहती द्यायच्या, पगारही निराळे. पोर्तुगीजाला महिन्याला साडेबावीस डॉलर, त्याच कामाला जपान्याला अठरा. १९०९ मध्ये ओआहूवरील जपान्यांनी संप केला, तेव्हा मळेवाल्यांनी इतर जातीजमातींचे मजूर कामावर घेतले. १९२० मध्ये जपानी आणि फिलिपिनो दोघेही संपावर होते, पण संघ दोन. तोही संप हरला.

येथे आमची एक चूक सांगणे भाग आहे. पंधराएक वर्षांपूर्वी एका कारखान्यात आम्ही संप पुकारला. कायम कामगार आमचे; कंत्राटी कामगार जवळजवळ तितकेच, परप्रांतांतून आलेले. कँटीनमध्ये त्यांची रांग वेगळी, जेवायची वेळ वेगळी. आम्ही ते रोज पाहत होतो. मागणीपत्रात त्यांच्यासाठी एक ओळ घातली नाही. संपाच्या चौथ्या दिवशी त्यांच्याच हातांनी यंत्रे चालू झाली, आणि गेटवर उभे राहून आम्ही त्यांना शिव्या दिल्या.

हवाईत १९४६ साली मळेवाल्यांनी सहा हजार नवे फिलिपिनो मजूर आणले. कामगार संघाने काय करावे? त्यांना जहाजावरच गाठून सभासद करून घेतले. सप्टेंबरात संप सुरू झाला. सुमारे २६,००० मजूर ७९ दिवस बाहेर राहिले. सभांतील भाषणे भाषांतर करून सांगत. मासे धरायला एक तुकडी, शिकारीला दुसरी. आणि सर्वांसाठी सामाईक स्वयंपाकघर. तो संप मजुरांनी जिंकला. सातवीनंतर शाळा सुटलेले आम्ही. इंग्रजी शिकलो ते कारखान्यांच्या नोटिसा वाचून. तरी ह्या संपाची हकीकत दोनदा वाचून काढली.

किनाऱ्यांविषयी थोडक्यात. वैकिकी हे सर्वांत प्रसिद्ध नाव. पण जिथे आज हॉटेले उभी आहेत तिथे एके काळी पाणथळ जमीन, अळूची खाचरे आणि मत्स्यतळी होती. १९२० च्या दशकात कालवा काढून ती कोरडी केली. तिथली बरीचशी वाळूसुद्धा बाहेरून आणून घातलेली. उत्तर किनाऱ्यावर हिवाळ्यात प्रचंड लाटा येतात, तेव्हा पाण्यात न उतरता पाहावे. उन्हाळ्यात तेच पाणी शांत असते. एक गोष्ट मात्र आम्हांला फार आवडली. लाट पोहोचते तिथपर्यंतची वाळू कायद्याने सार्वजनिक आहे. हॉटेल कितीही महागाचे असो, त्याच्यासमोर पंचा पसरून बसायला कोणाची परवानगी लागत नाही. २०१८ साली वैकिकी आणि मावी येथील पाच हॉटेलांतल्या कामगारांनी ५१ दिवस संप केला. एका नोकरीत पोट भरले पाहिजे, एवढीच त्यांची घोषणा होती. उसाचा शेवटचा मळा २०१६ मध्ये मावी बेटावर बंद झाला होता.

ओआहूला जाणाऱ्याने वायपाहू चुकवू नये. तिथे मळ्यातल्या मजुरांची घरे पुन्हा उभारून संग्रहालय केले आहे. प्रत्येक मजुराला नंबराचा धातूचा बिल्ला असे. गिरणीतल्या आमच्या वडिलांनाही होता. दुमजली पत्र्याचा डबा पाहिला, त्याला 'काउ-काउ टिन' म्हणत. खाली भात, वरच्या ताटलीत तोंडीलावणे. शेतात दुपारी हे डबे मधोमध उघडले जात आणि जपान्याचे लोणचे फिलिपिन्याच्या भातावर जाई. आमच्या प्लेट लंचचा उगम पुष्कळ लोक इथेच मानतात.

माहिती सांगणाऱ्या वृद्ध बाईंचे आजोबा ऊस तोडायला फिलिपिन्सहून आलेले. त्यांनी डबा आमच्या हातात दिला आणि विचारले, तुमचे वडील डब्यात काय नेत? आम्ही म्हटले, भाकरी, लसणाची चटणी, कधी सुकट.

"आणि जेवत कोणाबरोबर?"

"गावच्या मंडळींबरोबर," आम्ही म्हटले.

बाईंनी मान डोलावली, डबा घेऊन जागेवर ठेवला आणि पुढचे घर दाखवायला निघाल्या. ते पोर्तुगीजांचे होते. अंगणात पाव भाजायची भट्टी होती.