उभ्या गाडीचे दुखणे

दिवाळी अंकाच्या संपादकांना खरे तर कोल्हापूरची मेबॅक हवी होती. छत्रपतींच्या घराण्याची ती जुनी जर्मन मोटार दसऱ्याला दसरा चौकात येते, गर्दी तिचे फोटो काढते आणि सोने लुटून झाले की ती परत जाते. तिच्यावर वर्षाआड कोणीतरी लिहितेच. मी म्हटले, त्या गाडीमागे राजघराणे आहे, तिची काळजी तिला जन्मभर पुरेल. मला बघायची आहे ती एकेकाळी भारी असलेली, आता तीस वर्षांची झालेली आणि कोणाच्याच खिजगणतीत नसलेली गाडी. ‘बघा मग,’ एवढेच ते म्हणाले. त्या ‘बघा’वर मी मिरजोळ्याला गेलो.

मिरजोळे रत्नागिरी शहराला खेटून आहे. विमानतळ याच गावाच्या सड्यावर, तटरक्षक दलाची विमाने तिथूनच उडतात. एमआयडीसीच्या मिरजोळे ब्लॉकमध्ये फिनोलेक्सचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, माशांपासून सुरिमी बनवणारा गद्रे मरीनचा कारखाना आहे, आणि त्यांच्या आजूबाजूला वेल्डिंगवाले, बॉडीवाले, पत्र्याच्या शेडमधली गॅरेजे. मी गेलो त्या गॅरेजच्या दारात दोन पिकअप, एक टेम्पो आणि लाकडी ओंडक्यांवर ठेवलेले मच्छीमार बोटीचे लेलँड इंजिन होते. शेडच्या आतल्या अंगाला, अंगावर जुनी चादर घेतलेली, निळी मर्सिडीज. मालिका १२४, ई २५० डिझेल, नंबर मुंबईचा.

या गाडीचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण गॅरेजवाल्या मेस्त्रींनाही त्यात फारसा रस नाही. मर्सिडीज बनवणाऱ्या डाइम्लर-बेंझ आणि टाटांचे नाते १९५४ पासूनचे, पण ते ट्रकचे. पंधरा वर्षांचा तो करार १९६९ मध्ये संपला आणि टाटांच्या ट्रकवरचा तारा गेला. मोटारीसाठी १९९४ साली नवी कंपनी निघाली आणि १९९५ मध्ये पुण्यात टाटांच्या टेल्कोच्या आवारात १२४ मालिकेची जुळणी सुरू झाली. चाकणचा स्वतंत्र कारखाना २००९ चा. गंमत अशी की ही मालिका जर्मनीत १९८४ च्या अखेरीस आलेली, आणि १९९५ मध्ये तिकडे तिची पुढची पिढी दाखल होत होती. आपल्याकडे नवलाई म्हणून जिचे कौतुक झाले ती तिकडे निवृत्तीला टेकली होती. मेस्त्रींच्या मते हे आपले नशीबच: दहा वर्षे तिकडच्या टॅक्सीवाल्यांनी जे काय मोडायचे ते मोडून दाखवले होते, ते सगळे सुधारून गाडी आपल्याकडे आली.

मेस्त्री पन्नाशी ओलांडलेले. डिझेलची ओळख टाटा १२१० ट्रकवर झाली, मग काही वर्षे मिरकरवाडा बंदरात बोटींची इंजिने. मर्सिडीज त्यांच्याकडे आली ती अपघातानेच. एक मुंबईकर मालक गणपतीला गाडी घेऊन गावी आला, ती सुरू होईना, आणि आसपास डिझेलला हात घालणारे हेच सापडले. पुढे त्या मालकाच्या ओळखीने आणखी दोघे आले. एकाची पेट्रोलवरची ई २२०, दुसऱ्याची त्याही आधीच्या १२३ मालिकेतली, परदेशातून येताना सामानाबरोबर आणलेली. मेस्त्रींनी बोर्डावर मर्सिडीजचे नाव कधी लिहिले नाही. ‘लिहिलं की लोक एसीचा गॅस भरायला येतील,’ म्हणाले.

चादर काढून त्यांनी बॉनेट उघडले. या मालिकेचे बॉनेट सरळ उभे राहते, त्यासाठी वेगळा खटका आहे, आणि इंजिनाच्या दोन्ही बाजूंना माणूस उभा राहू शकतो. पाच सिलिंडर, अडीच लिटर. इंधनाच्या नळ्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या. मेस्त्रींनी मला त्यांच्यावर टॉर्च धरायला सांगून आतल्या पोऱ्याला चावी फिरवायला लावली. पिवळसर डिझेलमधून बारीक बुडबुडे सरकताना दिसले.

‘एअर घेतंय बघा. पंप नाय गेला, नोझल नाय गेला. चार आण्याची रिंग वाळली.’

प्रत्येक नळीच्या टोकाला रबराची ओ-रिंग असते. वर्षे लोटली की ती कडक होते. गाडी रात्रभर उभी राहिली की तिच्यातून हवा आत शिरते, डिझेल टाकीकडे परत उतरते आणि सकाळी स्टार्टर दमेपर्यंत मारावा लागतो. गाडी रोज चालत असेल तर हे लवकर कळतही नाही. मुंबईत एका मालकाला याच लक्षणावर पंप बदलायचा सल्ला मिळाला होता, मेस्त्रींनी सांगितले. कोणी दिला ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. पण नळी पारदर्शक ठेवणाऱ्याने रोगाचे निदान तिथेच लिहून ठेवले आहे, फक्त ते वाचायला टॉर्च धरावा लागतो.

ग्लो प्लगविषयी मात्र ते दबक्या आवाजात बोलले. या इंजिनात ते वर्षानुवर्षांच्या काजळीने घट्ट बसतात आणि जोर लावला तर हेडमध्येच तुटतात. तुटला की हेड उतरवावे लागते, किंवा ड्रिल घेऊन श्वास रोखून बसावे लागते. मेस्त्रींची रीत अशी: इंजिन चांगले तापवायचे, गंजतेल सोडायचे, पाना लावून थोडा सैल, पुन्हा थोडा आवळायचा, आणि ‘नाय’ म्हणाला तर त्या दिवशी सोडून द्यायचा. एका प्लगला त्यांनी तीन दिवस मनवले होते.

मी मात्र वायपरपाशी अडकलो. या गाडीला वायपर एकच आहे, काचेच्या मधोमध. साध्या एका वायपरने काचेवर अर्धवर्तुळ पुसले जाते आणि वरचे दोन्ही कोपरे ओले राहतात. इथे हाताच्या मुळाशी दातेरी चाकांची एक पेटी आहे. हात फिरताना ती त्याला आतबाहेर सरकवते. कोपऱ्याकडे जाताना हात लांब होतो, मध्याशी आखडतो, पुन्हा दुसऱ्या कोपऱ्याकडे लांब. काचेवर उमटतो तो आकार दोन शिखरांच्या डोंगरासारखा. कंपनीच्या हिशेबाने काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो.

मेस्त्रींनी काचेवर पाणी ओतून वायपर चालवून दाखवला. पहिल्या फेरीला तो गेला, दुसऱ्या फेरीला वरच्या टोकाशी अडखळला, आणि मोटरचा आवाज जाड झाला. पेटीतले ग्रीस वाळले होते. त्यांनी टोपण काढले, स्क्रू डबीत ठेवले, आतले जुने ग्रीस काडीने उकरले. मेणासारखे कडक आणि करडे. रॉकेलने धुऊन नवे ग्रीस भरताना ते बोटीवरची एक गोष्ट सांगत होते, ती मी नीट ऐकली नाही, कारण हात पुन्हा आतबाहेर होऊ लागला होता आणि माझे लक्ष त्या दातेरी चाकांवर होते. साधा दोन वायपरांचा जोड लावला असता तर हे सगळे टळले असते, असा विचार मनात आलाच. पण रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. आषाढातल्या सरीत हातखंब्याच्या वळणावर काच कुठपर्यंत दिसते हा इथे हौसेचा प्रश्न नाही. वायपर मधेच थांबला तर दुसरा नाही, ही त्या रचनेची खोट. तो चालतो तोवर मात्र काच स्वच्छ. मेस्त्रींचा नियम आहे: मृगाच्या आधी पेटी उघडायची, गाडी वर्षभर उभी असली तरी.

उभी असली तरी नव्हे, उभी असली म्हणूनच, हे मला नंतर समजले. चाकरमान्याची गाडी कोकणात कशी जगते ते पाहा. मालक मुंबईत, मोकळी जागा गावी. गाडी गणपतीला आणि शिमग्याला निघते, एरवी आंब्याखाली किंवा पडवीत. तिचे किलोमीटर वाढत नाहीत, म्हणून मालकाला वाटते ती टिकतेय. इकडे काचेखालच्या पन्हाळीत आंब्याची पाने साचतात, पाणी जायची भोके बुजतात आणि पावसाचे पाणी हिटरच्या पंख्यात उतरते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा ओढून घेते, आणि इथे ओलावा कमी नाही. डिस्कवर गंज चढतो. टायरची नक्षी नवीकोरी दिसते, पण बाजूवरचे चार आकडे वाचले की कळते: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. मेस्त्रींनी दाखवलेल्या टायरवर नक्षी भरपूर होती आणि वय अकरा वर्षे.

दाराखालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्यांनी उकलल्या. या पट्ट्या या मालिकेला १९८९ पासून आल्या, रुबाबासाठी आणि खडीपासून बचावासाठी. मागे जांभ्याची तांबडी माती घट्ट बसलेली, पावसाळ्यातली ओल धरून, आणि जॅक लावायच्या जागेपाशी पत्रा पोखरलेला. बोटीवर काम केलेल्या माणसाला याचे नवल वाटत नाही. ते म्हणाले, खारी हवा बंदरापासून मिरजोळ्यापर्यंत रोज चढून येते, तिला तिकीट लागत नाही.

१२३ मालिकेचा एक किस्सा इथेच सांगून टाकतो. त्या डिझेल गाडीत दारांची कुलपे निर्वात दाबावर चालतात, आणि इंजिन बंद करायचे कामही तोच निर्वात दाब करतो. दारातला रबरी पडदा फाटला की चावी काढून घेतली तरी इंजिन चालूच राहते. लग्नाच्या मांडवाबाहेर एका मालकावर हा प्रसंग आला होता. बॉनेट उघडून आतला ‘स्टॉप’चा दांडा दाबावा लागतो, हे त्यांना माहीत नव्हते. वऱ्हाड जेवून आले तरी गाडी चालूच.

उभ्या गाडीच्या या दुखण्यांवर मेस्त्रींचे औषध साधे आहे. मालकाच्या परवानगीने ते किंवा त्यांचा माणूस दर पंधरवड्याला गाडी काढतात. जागेवर नुसते इंजिन चालवत नाहीत, त्याने उलट बाष्प साचते. चांगले तास-दीड तास, इंजिन पूर्ण तापेपर्यंत, पालीपर्यंत आणि परत. कुलंट दर दोन-तीन वर्षांनी नवे. विहिरीचे पाणी रेडिएटरला अजिबात नाही, हेड अॅल्युमिनियमचे आहे. बॅटरीची तार सुटी.

पण औषधपाणी झाले तरी पुढचे प्रश्न उरतातच, आणि ते पान्याने सुटत नाहीत. ई २२० चे घ्या. १९९२ ते १९९५ च्या सुमाराच्या अनेक मर्सिडीजच्या इंजिनावरील वायरींचे आवरण असे निघाले की उष्णतेने ते काही वर्षांत पापडासारखे तुटते. तांबे उघडे पडते आणि गाडी कधी झटके देते, कधी बंद पडते. दहा वर्षांचे सुधारलेले मॉडेल आपल्याला मिळाले खरे, पण शेवटच्या वर्षांतला हा नवा दोषही त्याबरोबर आला. मेस्त्रींनी ती वायरिंग सबंध काढून, एकेक तार मोजून, नवी विणली. त्याला लागलेल्या दिवसांचे पैसे त्यांनी पूर्ण मागितले नाहीत, हे मला मालकाकडून कळले. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. तीस वर्षांपूर्वीचे रबर त्याचा विचार करून बनवलेले नाही, शिवाय इथेनॉल पाणी ओढते, आणि उभ्या गाडीच्या टाकीत ते महिनोन्महिने पडून राहते. मेस्त्री त्या मालकाला टाकी रिकामी ठेवून जायला सांगतात. मालक गणपतीत भरून जातो.

सुट्या भागांचा शोध कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर नाहीतर चोर बाजारात. नवा भाग जर्मनीहून येतो, त्याचा क्रमांक बऱ्याचदा १२४ ने सुरू होतो आणि किमतीचा आकडा कधी कधी एखाद्या चालत्या स्कूटरएवढा निघतो. मागच्या प्रत्येक चाकाला पाच दांडे आहेत, प्रत्येकाच्या टोकांना रबरी बुश. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण दशकभराहून जास्त काळ रेंगाळले, आणि त्या वर्षांत या बुशांनी काय सोसले ते मेस्त्रींच्या कोपऱ्यातल्या डब्यात दिसते.

मग कागद. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, वर राज्याचा पर्यावरण कर. मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ रोजी सहाशेवरून पाच हजारांवर गेले होते. विंटेजचा मान २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांनंतर. निळ्या गाडीची नोंदणी १९९६ ची, म्हणजे तो मान २०४६ मध्ये. तोवर कायद्याच्या नजरेत ती नुसती जुनी डिझेल. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर न्यायालयांनी बंदीचे आदेश दिल्याची बातमी मेस्त्रींनी वाचली आहे, आणि इकडे तसे झाले तर काय, हे त्यांनी मला दोनदा विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

पोऱ्या आयटीआय झालेला आहे, हुशार आहे. त्याला स्कॅनर हवा. या डिझेलला आजचा स्कॅनर लागत नाही. मेस्त्रींच्या आधीच्या दोन पोऱ्यांनी चाकण गाठले, महिन्याच्या महिन्याला पगार, कॅन्टीन, बस. तोही जाईल असे मेस्त्री त्याच्यासमोरच म्हणतात आणि तो हसून ‘नाय हो काका’ म्हणतो. मला त्याच्या हसण्यापेक्षा मेस्त्रींचे म्हणणे पटले.

निळ्या गाडीचे सध्या अडलेय ते पुढच्या चाकांच्या बॉल जॉइंटवर. एक सैल आहे, दुसरा होऊ घातलाय, नवे मुंबईहून यायचेत. मालकांना विसर्जनानंतर गाडी स्वतः चालवत मुंबईला न्यायची आहे. मेस्त्रींनी फोनवर साफ सांगितले, जॉइंट आले नाहीत तर गाडी पालीच्या पुढे जाणार नाही, मग तुम्ही मालक असा नाहीतर कोणी. पलीकडून बराच वाद झाला, शेवटी आवाज खाली आला. मालकांनी परतीचे जनशताब्दीचे तिकीटही काढून ठेवले आहे.