दोन रांगांची एक रांग : वैमानिकांची ज्येष्ठता आणि विलीनीकरण

वैमानिकाच्या नोकरीचे खरे मोल त्याच्या पगाराच्या आकड्यात नसते. ते असते कंपनीच्या ज्येष्ठता यादीतल्या त्याच्या क्रमांकात. सहवैमानिकाचा कमांडर कधी होणार, लहान विमानावरून परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानावर कधी जाणार, मंदीत आधी कुणाला घरी बसवणार, हे बऱ्याच कंपन्यांत या क्रमांकाने ठरते. नोकरी बदलली तर परवाना आणि उड्डाणाचे तास सोबत जातात. क्रमांक मात्र मागेच राहतो.

ही रांग मुख्यतः दोन कारणांनी पुढे सरकते : पुढचे लोक निवृत्त झाले तर, किंवा कंपनीने नवी विमाने घेतली तर. मी राहतो त्या जयगडला तवसाळच्या फेरीबोटीसाठी गाड्यांची रांग लागते. तिचा न्याय सोपा आहे : आधी आला तो आधी चढेल. पण समजा, दोन वेगळ्या धक्क्यांवरच्या रांगा एकाच बोटीसाठी जोडायच्या ठरल्या. एका रांगेतले लोक सकाळपासून ताटकळलेले, दुसरीतले अर्ध्या तासात पुढे आलेले. मग थांबलेला वेळ मोजायचा की रांगेतली जागा?

आपल्याकडे हा प्रश्न २००७ मध्ये उभा राहिला. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे आणि परदेशी वाहतूक एअर इंडियाकडे होती. २००७ मध्ये सरकारने दोन्ही कंपन्या एकत्र केल्या. कागदावर कंपनी एक झाली. वैमानिक मात्र दोनच राहिले. एकीकडे एअरबस, देशातली उड्डाणे आणि बढतीची एक गती; दुसरीकडे बोइंग, परदेशी उड्डाणे आणि दुसरी गती. पगार-भत्त्यांचे हिशेब वेगळे आणि संघटनाही वेगळ्या : इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन आणि इंडियन पायलट्स गिल्ड.

२०११ च्या एप्रिल-मे महिन्यांत पूर्वीच्या इंडियन एअरलाइन्सचे वैमानिक समान वेतनासाठी संपावर गेले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती धर्माधिकारी यांची समिती नेमली गेली. तिचा अहवाल २०१२ च्या जानेवारीत आला. म्हणजे विलीनीकरण आधी आणि सेवाशर्ती जुळवण्याचा विचार चार वर्षांनी. २०१२ च्या मे महिन्यात संप केला तो दुसऱ्या बाजूने. एअर इंडियाने मागवलेल्या २७ ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनाही देण्यावरून ठिणगी पडली. तो संप ५८ दिवस चालला आणि शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले. वरवर पाहता भांडण एका विमानाचे होते. पण नव्या विमानाच्या प्रत्येक जागेमागे कुणाची तरी बढती असते, हे लक्षात घेतले की त्या संपाची तीव्रता कळते.

याद्या जोडण्याच्या ढोबळ पद्धती दोन. पहिली, रुजू झाल्याच्या तारखेनुसार. दुसरी, प्रमाणानुसार : इकडचा एक, तिकडचा एक. दुसरी अधिक न्याय्य वाटते, पण एक काल्पनिक हिशेब मांडून पाहू. 'अ' आणि 'ब' या दोन्ही कंपन्यांत शंभर-शंभर वैमानिक आहेत. 'अ'मधले वरचे ४० जण दहा वर्षांत निवृत्त होणार आहेत, 'ब'मधले फक्त ५. दोन्हीकडचा साठावा वैमानिक घेऊ. विलीनीकरण झाले नसते, तर दहा वर्षांनी 'अ'मधला विसावा झाला असता आणि 'ब'मधला पंचावन्नावा. एकास एक प्रमाणात याद्या जोडल्या, तर दोघे आज दोनशेच्या यादीत एकशेविसाव्या जागेच्या आसपास येतात. दहा वर्षांत पुढचे ४५ जण जातात आणि दोघे पंचाहत्तराव्या जागेजवळ पोहोचतात. शंभराच्या हिशेबात ही जागा साधारण अडतिसावी. 'ब'चा माणूस सतरा पायऱ्या वर गेला, 'अ'चा अठरा पायऱ्या खाली आला. आणि जोडणीच्या दिवशी दोघांची जागा अगदी सारखी होती. म्हणून याद्या जोडताना आजच्या क्रमांकाइतक्याच पुढच्या निवृत्त्याही मोजाव्या लागतात.

अमेरिकेने हा धडा महागात घेतला. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सने टीडब्ल्यूए विकत घेतली आणि टीडब्ल्यूएचे अनेक वैमानिक यादीच्या तळाशी टाकले गेले. ११ सप्टेंबरनंतरच्या मंदीत कपात झाली, तेव्हा तळाचे आधी गेले. पुढे डिसेंबर २००७ मध्ये कायदा झाला : याद्या न्याय्य रीतीने जोडायच्या, एकमत न झाल्यास लवादाकडे जायचे. त्याच महिन्यात तिथले निवृत्तीवय ६० वरून ६५ झाले. साठीला टेकलेल्यांना पाच वर्षे मिळाली. मागच्यांची रांग तेवढा काळ जवळजवळ थबकली.

टाटांकडे परतलेल्या एअर इंडियात १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा विलीन झाली, तेव्हा हाच गुंता वेगळ्या रूपात आला. एअर इंडियात निवृत्तीवय ५८ आणि विस्तारात ६०. एकाच कंपनीत, एकाच कॉकपिटमध्ये दोन वये! २०२५ मध्ये एअर इंडियाने वैमानिकांचे निवृत्तीवय ६५ वर नेले. परवान्याची मर्यादाही तीच आहे. सत्तावन्न वर्षांच्या कॅप्टनला हा दिलासा. तिशीतल्या सहवैमानिकाचे काय, हे नव्या विमानांवर अवलंबून आहे. २०२३ मध्ये मागवलेली ४७० विमाने वेळेवर आली, तर रांग निवृत्तीवाचूनही सरकेल. रखडली, तर वाढीव वर्षांची किंमत तोच मोजेल.

पगारातली तफावत पुढे थकबाकी देऊन भरून काढता येते. कमांडर होण्यात उशीर झालेली वर्षे मात्र कुणालाच परत देता येत नाहीत, कारण कारकिर्दीचा शेवट वयाने आधीच ठरलेला असतो. म्हणून ज्येष्ठतेचा नियम विलीनीकरणाच्या आधी, दोन्ही संघटनांना समोर बसवून लिहायला हवा. २००७ मध्ये तो नंतर शोधला गेला. त्याची किंमत वैमानिकांइतकीच विमानतळांवर अडकलेल्या प्रवाशांनीही मोजली.