गाडी थांबल्यानंतरची पाच मिनिटे

चावी काढली म्हणजे गाडी बंद झाली असे आपण धरून चालतो. मीही धरून चाललो होतो. 2003 सालच्या मे महिन्यात खालाला घेऊन चिपळूणहून कराडला निघालो होतो. तिच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती. गाडी जुनी, कार्ब्युरेटरची, दुसऱ्याच्या हातची घेतलेली. कुंभार्ली घाट दुसऱ्या गिअरवर कण्हत चढलो आणि वर आल्यावर चहाला थांबलो. दहा मिनिटांनी चावी फिरवली तर स्टार्टर फिरतोय, पण इंजिन काही पकडेना. पाऊण तास तसेच बसलो. खाला मागच्या सीटवरून म्हणाली, "बेटा, आपण चहा प्यायलो. गाडीला कुणी विचारलं का?"

तिने थट्टा केली, पण वर्मावर बोट ठेवले. इंजिन चालू असते तेव्हा पट्ट्यावर फिरणारा पंप पाणी खेळवत असतो, रेडिएटरमागचा पंखा वारा घालत असतो. चावी काढताच हे दोन्ही थांबतात. घाट चढून तापलेले लोखंड मात्र थांबत नाही. त्याच्या पोटातली उष्णता वर, बाजूला, मिळेल तिकडे पसरू लागते. म्हणून गाडी उभी केल्यावर पहिली काही मिनिटे बॉनेटखालची हवा चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापते. वारा बंद झालेल्या दुपारी माजघरात होते तसेच.

यात पहिला बळी जातो पेट्रोलचा. पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे. त्यातले हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल असे उकळले की ते उतू जाऊन इंजिनात नको तितके उतरते, प्लग ओले होतात आणि गाडी रुसते. टर्बो असलेल्या गाड्यांचे दुखणे वेगळे असते. तिथे लालभडक तापलेल्या टर्बोच्या बेअरिंगमध्ये अडकलेले तेल जळून त्याचा कोळसा होतो. 1985 साली आलेल्या पोर्श 944 टर्बो या जर्मन गाडीत म्हणून टर्बोभोवती पाणी खेळवले होते, आणि इंजिन बंद झाल्यावरही एक छोटा विजेवरचा पंप ते पाणी थोडा वेळ फिरवत राहत असे.

आमच्या बाजारपेठेतल्या मेस्त्रीने हेच काम गरिबीत करून दिले. चावी काढल्यावरही पंखा दीड मिनिट चालू ठेवणारा एक टाइमर रिले त्याने बसवला. काड्यापेटीपेक्षा जरा मोठी काळी डबी. पाणी फिरत नसले तरी पंख्याचा वारा कार्ब्युरेटरवरून जातो, बॉनेटखालची कोंडलेली हवा बाहेर पडते. फरक पडला, पण पुरेसा नाही. दीड मिनिटाचे पाच मिनिटे करता येतील का, असे मी विचारले. मेस्त्री म्हणाला, "सर, ते रेडिओवाल्याचं काम."

रेडिओवाल्याने डबी उघडली. आत आठ पायांची एक चिप होती. 555 तिचे नाव. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स कॅमेन्झिंड यांनी 1971 साली अमेरिकेत हिचा आराखडा केला आणि आजही ती खेळण्यांपासून कारखान्यांपर्यंत सापडते. तिच्या शेजारी एक रेझिस्टन्स आणि एक कपॅसिटर. आमचा रेडिओवाला त्याला कंडेन्सरच म्हणे. या तिघांचा खेळ समजायला बी. ए. पुरते, हे मी स्वानुभवाने सांगतो. कपॅसिटर म्हणजे मडके आणि रेझिस्टन्स म्हणजे त्यात पाणी सोडणारा बारीक नळ. चावी काढली की मडके भरू लागते. ते दोन तृतीयांश भरले की चिप रिलेला सोडते आणि पंखा थांबतो. वेळ वाढवायची तर नळ बारीक करा किंवा मडके मोठे आणा.

हिशेबही सोपा. रेझिस्टन्स गुणिले कपॅसिटर गुणिले 1.1, म्हणजे सेकंद. आमच्या डबीत 820 किलो-ओहम आणि 100 मायक्रोफॅरड होते. गुणाकार नव्वद सेकंदांचा. 100 च्या जागी 330 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला की 298 सेकंद, म्हणजे पाच मिनिटांना दोन सेकंद कमी. कागदावर हे फार देखणे दिसते. कपॅसिटरवर छापलेला आकडा मात्र सहसा वीस टक्के इकडेतिकडे असू शकतो, म्हणून प्रत्यक्षात चार मिनिटेही येतील, सहाही येतील. पंख्याला तेवढे चालते.

इथे मी शहाणपण केले. घरात बिघडलेला टेपरेकॉर्डर होता. त्यातला 330 चा कपॅसिटर काढून दिला. चार रुपये वाचले! रेडिओवाला नको म्हणत होता, मी ऐकले नाही. संध्याकाळी रिले बसवला, गाडी तापवून बंद केली. पंखा घुमत राहिला. तो आवाज ऐकत मी समाधानाने जेवायला गेलो. दुसऱ्या पहाटे पाचला खालाला दुसऱ्या डोळ्यासाठी न्यायचे होते. चावी फिरवली. टक्‌ असा आवाजसुद्धा आला नाही. पंखा रात्री केव्हातरी बॅटरी संपल्यावरच थांबला होता. आम्ही एस.टी.ने गेलो, उभ्याने. खालाला पाटणला जागा मिळाली. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागले.

झाले असे की जुना कपॅसिटर गळत होता. 820 किलो-ओहमच्या नळातून शेवटी शेवटी जेमतेम पाच मायक्रोअँपिअर वीज येते. मडक्याची गळती तेवढी असली की पाणी त्या खुणेपर्यंत कधी पोचतच नाही आणि चिप वाट पाहत राहते. पंखा आठ अँपिअर खातो. पाच मिनिटांत बॅटरीतला पाऊण अँपिअर-तासही जात नाही. पण पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी रात्रभर कशी पुरणार? चार-साडेचार तासांत तिने मान टाकली.

पुढच्या खेपेस कपॅसिटर नवा कोरा घेतला, 25 व्होल्टचा आणि 105 अंशांपर्यंत टिकणारा. नेहमीचा 85 अंशांचा बॉनेटखाली लवकर सुकतो. सोल्डर करताना त्याची उणे बाजू पाहावी लागते, उलटा लावला तर फुगतो. रेडिओवाल्याने आणखी एक गोष्ट सुचवली, ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. रेडिएटरवरचा उष्णतेचा स्विच त्याने टाइमरच्या वाटेत जोडला. आता पाणी निवले किंवा वेळ संपली, जे आधी होईल त्याने पंखा थांबतो. पंख्याच्या तारेत बॅटरीजवळच पंधरा अँपिअरचा फ्यूज घातला. आणि बॉनेटच्या आत ठळक अक्षरांत लिहून ठेवले: चावी काढली तरी पंखा फिरतो. चावी खिशात आहे म्हणून निर्धास्तपणे आत हात घालणाऱ्याची बोटे हा पंखा ओळखत नाही. काम करायचे तर आधी बॅटरीची उणे तार सोडावी. रेडिएटरचे झाकण तर गरम असताना उघडूच नये.

आजच्या गाड्यांत ही उठाठेव करू नका. तिथे इंधन दाबाखाली इंजेक्टरपर्यंत येते, सहजी उकळत नाही. पंखा किती वेळ चालायचा ते बहुतेक गाड्यांत संगणकच तापमान पाहून ठरवतो. तारांना हात लावला तर वॉरंटीचा प्रश्न येतो तो वेगळाच. टर्बोची गाडी घाट चढून आली असेल तर थांबण्याआधीचा शेवटचा किलोमीटर-दोन किलोमीटर हळू चालवा, किंवा मिनिटभर इंजिन नुसते चालू ठेवा. याला रिले लागत नाही.

आमच्या गाडीची गोष्ट थोडी उरली आहे. पाच मिनिटांचा पंखा दोन उन्हाळे चालला. मग कार्ब्युरेटर साफ करायला खाली उतरवला तेव्हा मेस्त्रीला दिसले की त्याच्या बुडाशी असायला हवा तो बेकेलाइटचा जाड तुकडा नाहीच. उष्णता वर चढू नये म्हणून कंपनीने घातलेला तो तुकडा आधीच्या कुठल्याशा दुरुस्तीत हरवला होता आणि त्या जागी पुठ्ठ्याचे पातळ पॅकिंग बसले होते. इतके दिवस पंखा त्या तुकड्याची उणीव भरून काढत होता, आणि म्हणूनच आम्ही कुणी तिकडे पाहिले नव्हते. तुकडा बसवला. रेडिओवाल्याकडे जाऊन 330 चा कपॅसिटर काढून पुन्हा 100 चा लावून घेतला. त्यानंतर कुंभार्लीच्या माथ्यावर पंखा दीड मिनिटात थांबायचा, आणि चहा संपायच्या आत खालाच विचारायची, "बंद झाला का रे तो?"