धुऱ्यावरचं बिऱ्हाड

सेनगाव तालुक्यातल्या कोरडवाहू शेतात उघडीप मिळाली की धुऱ्यावर मुंग्यांची रांग लागते. तोंडात गवताचं बी धरून एक कामकरी मुंगी बिळाकडे निघते. आत बी सोललं जातं, टरफलं बाहेर येतात आणि बिळाभोवती भुशाचं कडं होतं. ही ओझं वाहणारी मुंगी बहुधा वयस्क असते. कोवळ्या मुंग्या आत अळ्या सांभाळतात, बाहेरची जोखीम थोरल्यांवर येते. अशी एखादी मेली तरी बिऱ्हाड चालतं. राणी मेली तर बहुतेक जातींत ते संपतं. म्हणून मुंग्या राखायच्या तर बीळ राखावं लागतं, आणि बिळाला न नांगरलेली जागा लागते. शिवाय अनेक जातींच्या मुंग्या पातळ अन्न पोटाच्या वेगळ्या कप्प्यात आणून तोंडाला तोंड लावून एकमेकींना पाजतात. त्यामुळे बाहेरच्या एकीने प्यायलेलं विष अळ्यांपर्यंत, राणीपर्यंत पोचू शकतं.

मुंग्यांवर शेतकऱ्याचा आक्षेप असतो, आणि तो खरा आहे. तुरीच्या शेंड्यावर मावा आला की मुंगळे त्याचा गोड चिकटा पितात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. पण हा उपद्रव पिकावर होतो; बीळ मोडून मावा जात नाही. दुसरं पारडं जड आहे. ऑस्ट्रेलियातल्या कोरडवाहू गव्हावरचा एक प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाला. मुंग्या आणि वाळवी राहू दिलेल्या जमिनीत उत्पन्न ३६ टक्क्यांनी वाढलं, कारण बिळांतून पाणी मुरलं आणि नत्र वाढलं. ३६ हा आकडा इथे जसाच्या तसा लावू नये. भारी काळी जमीन भिजली की फुगते आणि भोकं मिटतात. माळाच्या मुरमाड रानात मात्र ती टिकतात, आणि पावसाने ताण दिल्यावर आधी होरपळतं तेच रान. तिथे ३६ चा छोटा हिस्सा हाती आला तरी तो कोरडवाहू शेतकऱ्याला मोलाचा आहे.

तरी धुरे दरसाल अरुंद होत आहेत. रोटाव्हेटर कडेपर्यंत जातो, उरल्या गवतावर तणनाशक पडतं. अनेक जातींच्या नव्या राण्या पहिल्या पावसानंतर उडतात, जमिनीवर उतरून पंख गाळतात आणि एकट्याने बीळ खोदतात. त्याच दिवसांत शेतात वखरपाळी आणि पेरणी चालू असते. तेव्हा तणनाशकाचा पंप निदान धुऱ्यावर चालवू नये.